‘वन ऑफ’ आणि आपला अनुस्वार

वाचकांचे प्रश्न : इंग्रजी लेखनातील शंका

प्रश्न : आमचे घर साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कासकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात आहे. फुलांच्या हंगामात बाहेरगावचे पर्यटक आमच्याकडे मुक्कामाला येतात, म्हणून माझ्या मुलीने दाराशी लावण्यासाठी इंग्रजीत एक माहितीफलक लिहिला. त्याचे पहिले वाक्य असे आहे : ‘कास इज वन ऑफ द मोस्ट ब्यूटिफुल प्लेस इन सातारा डिस्ट्रिक्ट.’ मुक्कामाला आलेल्या एका प्राध्यापकांनी ‘प्लेस’ऐवजी ‘प्लेसेस’ करा, असे सुचवले. मुलीचे म्हणणे असे की, कास हे एकच ठिकाण आहे आणि क्रियापदही ‘इज’ असे एकवचनी आहे, मग मध्येच नाम अनेकवचनी कसे होईल? मलाही तिचे म्हणणे पटते. फलक रंगवायला देण्यापूर्वी बरोबर काय ते सांगावे. (एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा)

उत्तर : प्राध्यापकांची दुरुस्ती बरोबर आहे. ‘प्लेसेस’ असेच हवे आणि क्रियापद मात्र ‘इज’ असेच राहील. परंतु आपल्या मुलीने ‘कसे’ असे विचारले, याचा मला विशेष आनंद झाला. कारण हा नियम बहुतेकांना पाठ असतो आणि तरीही अर्ज, परिचयपत्रे, शाळांच्या स्मरणिका आणि दुकानांच्या पाट्या यांमध्ये ही चूक सर्रास आढळते. सातारा शहरात इंग्रजी शिकवताना माझ्या हातून जितक्या वह्या तपासून झाल्या, तितक्यांमध्ये ‘वन ऑफ माय फ्रेंड’ इतके वारंवार दुसरे काहीच दुरुस्त करावे लागले नाही. नियम माहीत असूनही चूक होते, याचा अर्थ तिचे मूळ नियमाच्या अज्ञानात नसून अन्यत्र आहे, आणि माझ्या मते ते आपल्या मराठीच्या वापरात आहे.

प्रथम रचना पाहू. ‘वन ऑफ द प्लेसेस’ या शब्दसमूहात ‘वन’ हा शब्द त्या एका ठिकाणासाठी आहे. ‘ऑफ’नंतर येणारे नाम त्या एका ठिकाणाचे नाव नाही, ज्या अनेक ठिकाणांतून आपण ते एक निवडले, त्या सर्व ठिकाणांचा निर्देश ते नाम करते. एक निवडायचा तर मुळात अनेक असावे लागतात, म्हणून ते नाम अनेकवचनी. वाक्य मात्र निवडलेल्या एकाविषयी बोलते, म्हणून क्रियापद एकवचनी. आपल्या मुलीला या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटल्या, त्याचे कारण तिने ‘प्लेस’ हा शब्द कासला जोडला. कासशी जोडलेला शब्द ‘वन’ आहे.

आता हेच मराठीत म्हणून पाहावे : ‘कास हे जिल्ह्यातील सुंदर ठिकाणांपैकी एक आहे.’ येथे ‘ठिकाणांपैकी’ या शब्दातील ‘णां’वरचा अनुस्वार पाहावा. तो अनेकवचनाचा अनुस्वार आहे. ‘मित्रांपैकी’, ‘नद्यांपैकी’, ‘जागांपैकी’, ‘पुस्तकांपैकी’ या प्रत्येक शब्दात तो असतो, आणि मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या शुद्धलेखन नियमांनी जेव्हा न उच्चारले जाणारे जुने अनुस्वार काढून टाकले, तेव्हाही अनेकवचनी सामान्यरूपावरचा हा अनुस्वार आवर्जून राखला. इंग्रजीत ‘प्लेसेस’च्या शेवटी जो ‘स’ ऐकू येतो, तो या ठिकाणी नेमके आपल्या अनुस्वाराचे काम करतो. म्हणजे जो नियम इंग्रजीचा म्हणून आपण घोकतो, तो आपल्या भाषेत आधीपासूनच आहे.

तरीही चूक का होते? एक कारण असे की, बोलताना हा अनुस्वार पुष्कळदा ओझरता उच्चारला जातो किंवा अजिबात ऐकू येत नाही; आपल्या भागातील बोलण्यात तर ‘मित्रापैकी’ आणि ‘मित्रांपैकी’ यांतील फरक कानाला सहसा जाणवत नाही. कानाला जे जाणवत नाही ते लिहितानाही सुटते, आणि मराठी निबंधात ‘मित्रापैकी एक’ असे लिहिणारा विद्यार्थी इंग्रजी निबंधात ‘वन ऑफ माय फ्रेंड’ असे लिहितो, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. दोन वेगवेगळ्या शिक्षकांनी दोन वेगवेगळ्या विषयांच्या वह्यांत लाल शाईने दाखवलेली ती चूक प्रत्यक्षात एकच असते.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. रोजच्या बोलण्यात आपण ‘माझ्या मित्रांपैकी एक’ असे फारसे म्हणत नाही. ‘माझा एक मित्र’ असे म्हणतो. ‘माझा एक मित्र कराडला असतो’, ‘आमची एक मावशी वाईला राहते’, ही आपली स्वाभाविक रचना, आणि तीत सगळेच एकवचनी असते. इंग्रजी लिहिताना मनात हे एकवचनी वाक्य असते आणि हातात मात्र शाळेत पाठ केलेली ‘वन ऑफ’ ही जोडी असते. दोन्हींचे मिश्रण होऊन ‘वन ऑफ माय फ्रेंड’ तयार होते : ‘ऑफ’ आले ‘मित्रांपैकी एक’मधून आणि एकवचन आले ‘माझा एक मित्र’मधून. मनात कोणते मराठी वाक्य आहे हे एकदा ओळखले, की दुरुस्ती आपोआप होते.

‘माझा एक मित्र’ हेच म्हणायचे असेल तर इंग्रजीत त्यासाठी ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ ही सरळ रचना आहे आणि ती निःसंकोच वापरावी. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ हीदेखील बरोबर आहे. फरक इतकाच की तीत मित्रांच्या समूहाकडे किंचित अधिक लक्ष वेधले जाते. शब्दाला शब्द ठेवून ‘माय वन फ्रेंड’ असे मात्र कधीही लिहू नये, कारण त्यातून वाचणाऱ्याला ‘माझा एकुलता एक मित्र’ असा अर्थ कळतो. नोकरीच्या अर्जासोबतच्या पत्रात ‘माय वन फ्रेंड टोल्ड मी अबाउट धिस पोस्ट’ असे लिहिणाऱ्या होतकरू तरुणाविषयी वाचणाऱ्याचा विनाकारण चुकीचा ग्रह होतो, आणि त्याची मला खरोखर हळहळ वाटते.

आपल्या फलकातील वाक्यात आणखी एक अडचण आहे आणि ती ‘मोस्ट’ या शब्दाने निर्माण केली आहे. ‘मोस्ट ब्यूटिफुल’ म्हटले की मनात ‘सर्वांत सुंदर’ असे उमटते, आणि सर्वांत सुंदर म्हटल्यावर पुढे एकच ठिकाण येणार असे आपण गृहीत धरतो. शिवाय ‘वन ऑफ’ आणि नाम यांच्यामध्ये जितकी विशेषणे येतात, तितका नामाचा ‘ऑफ’शी असलेला संबंध लिहिणाऱ्याच्या दृष्टिआड होतो. ‘वन ऑफ द प्लेस’ असे लिहिताना जो थबकेल, तोच ‘वन ऑफ द मोस्ट ब्यूटिफुल अँड लीस्ट स्पॉइल्ट प्लेस’ असे लिहिताना थबकणार नाही. अशा वेळी सर्व विशेषणे क्षणभर बोटाने झाकावीत आणि उरलेले ‘वन ऑफ द …’ वाचून पाहावे.

‘ऑफ’नंतरच्या ‘द’कडेही लक्ष द्यावे. ‘वन ऑफ स्टुडंट्स’ किंवा ‘वन ऑफ फोर्ट्स’ असे होत नाही; कोणते विद्यार्थी, कोणाचे किल्ले, हे ठरवणारा एखादा शब्द नामाआधी असावाच लागतो : ‘वन ऑफ द स्टुडंट्स’, ‘वन ऑफ अवर टीचर्स’, ‘वन ऑफ दीज फोर्ट्स’, ‘वन ऑफ साताराज फोर्ट्स’. सर्वनाम असेल तर मात्र ते तसेच येते : ‘वन ऑफ अस’, ‘वन ऑफ देम’. मराठीला ‘द’ नाही, म्हणून ही चूक आपल्याकडून होणे समजण्यासारखे आहे आणि येथे मराठीचा आधार मिळत नाही. हे लक्षातच ठेवावे लागते.

काही नामांचे अनेकवचन ‘स’ लावून होत नाही, तेव्हा शेवटी ‘स’ दिसत नाही म्हणून तो जोडू नये : ‘वन ऑफ द चिल्ड्रन’, ‘वन ऑफ द विमेन’ हे पूर्ण आणि बरोबर आहे.

तेव्हा आपल्या फलकावर ‘कास इज वन ऑफ द मोस्ट ब्यूटिफुल प्लेसेस इन सातारा डिस्ट्रिक्ट’ असे रंगवून घ्यावे. मला विचाराल तर मी ‘मोस्ट ब्यूटिफुल’ हे शब्दही काढून टाकीन. सुंदर तर प्रत्येक फलकावरचे प्रत्येक ठिकाण असते. कासविषयी सांगण्यासारखी एक नेमकी गोष्ट आहे आणि तीही याच शब्दसमूहात बसते; ती पुढच्या उत्तरात दिली आहे, कारण त्या प्रश्नाला तिचा उपयोग होणार आहे.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. एका सराव प्रश्नपत्रिकेत असे वाक्य होते : ‘द कोयना इज वन ऑफ द फाइव्ह रिव्हर्स दॅट (राइज / राइजेस) ॲट महाबळेश्वर.’ उत्तरसूचीत ‘राइजेस’ दिले आहे आणि कारण दिले आहे की, ‘वन ऑफ’नंतर क्रियापद नेहमी एकवचनी असते. मी ‘राइज’ लिहिले होते. माझे चुकले का? (एक विद्यार्थी, कराड)

उत्तर : आपले चुकलेले नाही. ‘राइज’ हेच अधिक शुद्ध आहे, आणि उत्तरसूचीने अर्धाच नियम सांगून आपला गुण कापला, याचे मला वाईट वाटते.

या वाक्यात क्रियापदे दोन आहेत आणि त्या दोहोंचे कर्ते वेगळे आहेत. पहिले क्रियापद ‘इज’. त्याचा संबंध कोयनेशी, म्हणजे ‘वन’शी आहे, ते एकवचनी आहे आणि त्याविषयी वाद नाही. दुसरे क्रियापद ‘दॅट’नंतर येते. उगम पावतात कोण? जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. म्हणजे उगम पावण्याची क्रिया पाचही नद्यांची आहे, एकट्या कोयनेची नाही. ‘दॅट’ हा शब्द ‘फाइव्ह रिव्हर्स’च्या जागी आला आहे, म्हणून क्रियापद अनेकवचनी, ‘राइज’.

येथे मराठी आपल्याला इंग्रजीपेक्षाही स्पष्ट उत्तर देते. इंग्रजीत ‘दॅट’ आणि ‘हू’ या शब्दांना वचन नाही. त्यांच्याकडे पाहून ते एकाविषयी बोलतात की अनेकांविषयी, हे कळत नाही. मराठीतील ‘जो, जी, जे’ यांना लिंगही आहे आणि वचनही आहे. म्हणून वाक्य मनात मराठीत मांडावे : ‘ज्या पाच नद्या महाबळेश्वरला उगम पावतात, त्यांपैकी कोयना ही एक आहे.’ ‘ज्या … पावतात’ असे अनेकवचन आपल्या तोंडून आपोआप आले. ‘जी पाच नद्या उगम पावते’ असे आपल्याकडे लहान मूलही म्हणणार नाही. ‘ज्या’ आले की इंग्रजीत ‘राइज’; ‘जी’ आले असते तर ‘राइजेस’.

‘जी’ केव्हा येते, हेही पाहिले पाहिजे, कारण परीक्षेत त्याच्याशेजारीच दुसरा सापळा असतो. ‘द कोयना इज द ओन्ली वन ऑफ द फाइव्ह रिव्हर्स दॅट मीट्स द कृष्णा ॲट कराड.’ आपण कराडचे आहात, प्रीतिसंगम आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे. पाचांपैकी कराडला कृष्णेला मिळणारी नदी एकच. वेण्णा तिला त्याआधीच साताऱ्याजवळ माहुलीला मिळते. मराठीत आपण म्हणू : ‘पाच नद्यांपैकी कराडला कृष्णेला मिळते अशी नदी एकटी कोयनाच आहे.’ मिळण्याची क्रिया एकटीची, म्हणून ‘मीट्स’. ‘द ओन्ली वन ऑफ’ असे दिसले की पुढील क्रियापद एकवचनी, हे पाठ केले तरी चालेल; परंतु प्रीतिसंगम डोळ्यांसमोर आणून ते समजून घेतले तर पाठ करण्याची गरजच राहणार नाही.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, ‘वन ऑफ द … दॅट’नंतर एकवचनी क्रियापद वापरण्याची पद्धत इंग्रजीच्या चांगल्या लेखकांतही फार पूर्वीपासून आढळते. लिहिणाऱ्याचे मन ‘वन’ला धरून राहते आणि क्रियापद त्याच्या मागे जाते. त्यामुळे कोणी ‘राइजेस’ लिहिले तर त्याला अडाणी ठरवणे योग्य नाही. पण काळजीपूर्वक लिहिण्याच्या दृष्टीने आणि अर्थाच्या दृष्टीने अनेकवचनच सरस आहे. आणि ‘राइज’ लिहिणाऱ्याला चूक ठरवणे तर कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही.

आता कासची गोष्ट. पश्चिम घाटातील ३९ जागांचा मिळून एक वारसा २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंदवला गेला. त्यांतील २० केरळात, १० कर्नाटकात, ५ तमिळनाडूत आणि ४ महाराष्ट्रात आहेत. महाराष्ट्रातील चार म्हणजे कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. पहिल्या प्रश्नातील भगिनींनी आपल्या फलकावर असे लिहावे, असे मी सुचवीन : ‘कास इज वन ऑफ द थर्टी-नाइन साइट्स दॅट मेक अप द वेस्टर्न घाट्स वर्ल्ड हेरिटेज प्रॉपर्टी.’ ‘साइट्स’ अनेकवचनी, कारण त्या ३९ आहेत. ‘इज’ एकवचनी, कारण बोलणे कासविषयी आहे. आणि ‘मेक अप’ अनेकवचनी, कारण तो वारसा एकट्या कासने बनत नाही, ज्या ३९ जागा मिळून तो बनतो त्यांपैकी कास ही एक आहे. पर्यटकाला यातून ‘मोस्ट ब्यूटिफुल’पेक्षा पुष्कळ अधिक कळते, आणि व्याकरणाची तिन्ही अंगे या एकाच वाक्यात पाहायला मिळतात. जोडीला ‘कास इज द ओन्ली वन ऑफ महाराष्ट्राज फोर साइट्स दॅट इज नायदर अ सँक्चुअरी नॉर अ नॅशनल पार्क’ हे वाक्य ठेवले, तर ‘ओन्ली वन’मुळे होणारा फरकही मुलीच्या चटकन लक्षात येईल.

प्रश्न : कार्यालयीन पत्रात ‘वन ऑफ द स्टाफ’, ‘वन ऑफ द फर्निचर’ असे लिहिलेले आढळते. येथे ‘स्टाफ्स’ आणि ‘फर्निचर्स’ करावे का? (एक वाचक, कोरेगाव)

उत्तर : दोन्ही करू नये. ‘फर्निचर’ हे इंग्रजीत न मोजता येणारे नाम आहे, त्यामुळे त्यातून ‘वन ऑफ’ने एक निवडताच येत नाही. ‘अ पीस ऑफ फर्निचर’ असे लिहावे, किंवा त्याहून बरे म्हणजे खुर्ची, टेबल, कपाट यांपैकी जे मोडले असेल त्याचे नाव लिहावे : ‘वन ऑफ द चेअर्स इज ब्रोकन.’ ‘इन्फॉर्मेशन’, ‘इक्विपमेंट’, ‘ॲडव्हाइस’ यांनाही हेच लागू आहे. ‘स्टाफ’ हा शब्द समूहाचा आहे आणि ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘वन ऑफ द स्टाफ’ चालते. तरीही ‘वन ऑफ द स्टाफ मेंबर्स’ असे लिहिल्यास कोणालाच शंका राहत नाही, म्हणून पत्रव्यवहारात मी तेच पसंत करतो.

प्रश्न : प्रश्न इंग्रजीचा नाही, पण त्याच्याशी संबंधित आहे. हल्ली बातम्यांतून ‘राज्यातील सर्वात मोठ्या धरणांपैकी एक असलेले कोयना धरण’ अशी वाक्ये वाचायला मिळतात. हे मराठी म्हणून योग्य आहे का? (एक वाचक, वाई)

उत्तर : विश्वकोशाच्या गावातून हा प्रश्न यावा, हे मला फार उचित वाटले. माझ्या मते ही रचना टाळावी. इंग्रजीत ‘मोस्ट’ किंवा ‘बिगेस्ट’ हे शब्द अनेकांना एकदम लावता येतात, म्हणून ‘वन ऑफ द बिगेस्ट डॅम्स’ तेथे स्वाभाविक आहे. मराठीत ‘सर्वांत मोठे’ म्हणजे बाकीच्या सर्वांहून मोठे, आणि असे एकच असू शकते. ‘सर्वांत मोठ्या धरणांपैकी एक’ असे म्हणताना आपण एकाच वेळी ते पहिले आहे असेही म्हणतो आणि त्याच्यासारखी आणखी आहेत असेही म्हणतो. पहिल्या पत्रातील मुलगी ‘मोस्ट ब्यूटिफुल’च्या पुढे एकवचन लिहून गेली, ती तिच्या मराठी मनाची या अर्थाला दिलेली साक्षच होती.

आपल्याकडे यासाठी शब्दांची उणीव नाही. ‘राज्यातील मोठ्या धरणांपैकी एक’ एवढे पुरते. अधिक जोर हवा असेल तर ‘राज्यातील मोजक्या मोठ्या धरणांपैकी एक’ किंवा ‘राज्यातील अग्रगण्य धरणांत गणले जाणारे कोयना धरण’ असे म्हणावे. आणि एखादी गोष्ट खरोखरच पहिल्या क्रमांकाची असेल, तेव्हा ‘सर्वांत मोठे’ असे निःशंकपणे म्हणावे. मात्र तो शब्द ‘सर्वात’ असा न लिहिता ‘सर्वांत’ असा लिहावा. सर्व हे अनेक आहेत, म्हणून ‘र्वा’वर अनुस्वार हवा. आपल्या प्रश्नातील वाक्यात ‘धरणांपैकी’वर तो आहे आणि ‘सर्वात’वरून सुटला आहे.